कुणाची अंत्ययात्रा तुमच्या लक्षात राहिली आहे?

सांजसावली
काल आईचं कपाट आवरायला काढलं. खालच्या खणात अंथरलेला कागद उचलला तर १९९७ च्या सप्टेंबरमधलं वर्तमानपत्र. पिवळं पडलंय, घडीवर विरलंय, पण फोटो दिसतोय. डायनाची शवपेटी, वर पांढरी फुलं, फुलांत खोचलेलं पाकीट आणि त्यावर मुलाच्या अक्षरात 'ममी'. मी तिथेच खाली बसले.

६ सप्टेंबर, शनिवार होता. आई टीव्हीसमोर कपड्यांच्या घड्या घालत होती, 'आपला काय संबंध' असं म्हणत. तोफेच्या गाड्यामागून दोन्ही मुलं चालत होती, एक १५ वर्षांचा, एक १२ चा. मग ते पाकीट दाखवलं आणि आईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "एवढ्याशा पोराला एवढ्या लोकांसमोर चालायला लावलं," एवढंच बोलली.

आई जाऊन आता दीड वर्ष झालं. हा कागद तिने मुद्दाम जपला होता की सहज अंथरला होता, विचारायचं राहूनच गेलं.

गर्दी किती होती ते नका सांगू. एखादं दृश्य डोळ्यांसमोरून हललं नसेल तर ते लिहा. स्वतः पाहिलेलं, टीव्हीवरचं, घरातल्या थोरांकडून ऐकलेलं, सगळं चालेल.

पाऊलवाट
ताई, वाचून गलबललं. काळजी घ्या.
त्याच्या पुढच्याच शनिवारी मदर तेरेसांची अंत्ययात्रा, कोलकात्यात. गांधीजी आणि नेहरूंना ज्या तोफगाड्यावरून नेलं होतं, तोच गाडा मदरसाठी आणला होता. निळ्या काठाची पांढरी साडी आणि खाली लष्करी गाडा, हे दृश्य मी विसरू शकत नाही.

ओलीमाती
७ डिसेंबर १९५६. वडील नऊ वर्षांचे होते, आजोबांच्या खांद्यावर. बाबासाहेबांचं निधन आदल्या दिवशी दिल्लीत झालं, पार्थिव विमानाने मुंबईत आणलं. दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. वडिलांना माणसं दिसतच नव्हती म्हणे, नुसती डोकी आणि पुढे समुद्र. पण तो जमाव नुसता रडून परतला नाही. चितेसमोरच हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, आमचे आजोबा त्यातच. "खांद्यावरून उतरवलं तेव्हा माझा बाप बौद्ध झाला होता," असं वडील अजून सांगतात आणि दरवेळी इथे थांबतात.
पुढचं रात्री लिहितो, स्टेशन आलं.

सांजसावली
@ओलीमाती, अंगावर काटा आला. नक्की लिहा, वाट बघते.

खारावारा
मी बंदरात क्रेन चालवतो म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. चर्चिल, ३० जानेवारी १९६५, लंडन. शवपेटी बोटीतून थेम्स नदीवरून चाललीय आणि काठावरच्या क्रेन एकामागून एक माना खाली घालतायत. चित्रफीत मोबाईलवर पाहिली, परत मागे नेऊन पाहिली. सगळे बूम एका लयीत, झटका न देता खाली आणणं फार अवघड. शेजारच्या क्रेनवर डोळा ठेवून हात सावकाश सोडायचा. त्या लोकांनी ते केलंय. माणूस आवडता असो नसो, त्या हातांना माझा नमस्कार.

गोधडी
वा खारावारा! हे कधी लक्षातच आलं नसतं.

निशिगंध
रफीसाहेब. १ ऑगस्ट १९८०, धो धो पाऊस. मामा गेला होता, चिंब भिजून आला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पण मला सांगायचंय ते वेगळंच. जुहूच्या ज्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं, तिथे नवीन दफनांना जागा हवी म्हणून २०१० मध्ये जुन्या कबरी काढल्या. त्यात रफीसाहेबांची गेली, मधुबालाचीही गेली. मामाच्या आग्रहाखातर नंतर आम्ही दोघं तिथे गेलो. विचारल्यावर एकाने नारळाच्या झाडाकडे बोट दाखवलं. मामाने झाडाला हात लावला आणि हळू आवाजात दोन ओळी गुणगुणल्या. त्याचा गळा चांगला नाही. त्या दिवशी मात्र मला तो चांगलाच वाटला.

पाऊलवाट
कोणत्या ओळी? सांगा ना.

निशिगंध
नको, त्या मामाच्याच राहू देत.

उंबरठा
इंग्लंडची राणी गेली (२०२२) तेव्हा राजवाड्याच्या मधमाश्यांना जाऊन सांगितलं होतं, माहीत आहे का? त्यांच्याकडची जुनी रीत. मधपाळाने पोळ्यांच्या पेट्यांना काळ्या फिती बांधल्या आणि हलक्या आवाजात सांगितलं की तुमची मालकीण गेली, आता नव्या मालकाशी चांगलं वागा. तोफा, बँड सगळं विसरले, हे तेवढं राहिलं. मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते.

चाफेकळी
लोकमान्यांबद्दल पणजोबांकडून आलेलं घरात सगळे सांगतात. १ ऑगस्ट १९२०, गिरगाव चौपाटी. निजवून नाही, पद्मासनात बसवून दहन झालं. आम्ही लहानपणी हे ऐकून मांडी घालून ताठ बसायचो. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप.

गोधडी
थोडं वेगळं लिहिते. ज्योती बसूंचं पार्थिव २०१० मध्ये स्मशानात गेलंच नाही, रुग्णालयाला दिलं. देहदान. ते पाहून सासऱ्यांनी फॉर्म आणला. आता ते ८१ चे आहेत आणि नवरा म्हणतो, त्यावेळी मला जमणार नाही. कुणाच्या घरी झालंय का?

उंबरठा
आमच्याकडे झालं, काकांचं. फॉर्म भरलेला असला तरी त्यावेळी घरच्यांची संमती लागते, म्हणून आत्ताच सगळ्यांना बसवून बोला. रुग्णालयाचा नंबर दारामागे चिकटवून ठेवा. डोळे द्यायचे असतील तर ते सहा तासांच्या आत काढावे लागतात. पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा. तुमच्या नवऱ्याला वाटतंय ते खरं आहे, अवघड जातं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा काकू अनवाणीच मागे निघाली होती.

गोधडी
धन्यवाद ताई. हेच त्याला वाचून दाखवते.

पाऊलवाट
गांधीजींच्या अस्थींचं कुणी लिहिलं नाही? एक कलश कटकच्या बँकेच्या लॉकरमध्ये कित्येक वर्षं पडून होता. पणतू तुषार गांधी कोर्टात गेले, मग ३० जानेवारी १९९७ ला संगमावर विसर्जन झालं. म्हणजे जवळजवळ ४९ वर्षांनी. नेहरूंनी मात्र आधीच लिहून ठेवलं होतं, मूठभर रक्षा गंगेत आणि बाकीची विमानातून शेतांवर. शेतकरी राबतात त्या मातीत मिसळू दे म्हणून. मला ते फार आवडतं.

खारावारा
सांजसावली, तो कागद परत खणात घालू नका. दोन बटरपेपरच्या मध्ये सपाट ठेवा. सेलोटेप अजिबात लावू नका, डाग पडतो. माझ्या आजीने जपलेल्या कागदांवर ती तारीख टाकायची, तुमच्या आईने काही लिहिलंय का बघा.

सांजसावली
आत्ता बघितलं. लिहिलेलं काही नाही. पण मागच्या पानावर कात्रीने एक चौकोन कापून काढलाय.

चाफेकळी
शब्दकोडं असेल का?

सांजसावली
हो! शब्दकोडंच असणार. कापून पर्समध्ये ठेवायची आणि बसमध्ये सोडवायची.