मॅरियट-एचडीएफसी कार्ड: ‘फुकट’ रात्र नक्की कितीला पडते?

खोली_४०२
ऑगस्ट २०२३ मध्ये आलेलं मॅरियट बॉनव्हॉय एचडीएफसी क्रेडिट कार्ड (बॉनव्हॉय ही मॅरियट हॉटेलांची पॉइंट देणारी सदस्ययोजना) घ्यावं की नाही, यावर दर दोन महिन्यांनी वाद होतो आणि दर वेळी विमानतळावरच्या लाउंजवर जाऊन अडकतो. लाउंज बाजूला ठेवू. फी ३,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. फी भरली की १५,००० पॉइंटांपर्यंतची एक मोफत रात्र मिळते आणि पुढे दर वर्षी नूतनीकरणाची फी भरली की पुन्हा एक. सोबत बॉनव्हॉयचा सिल्व्हर सदस्य-दर्जा आणि वरच्या दर्जासाठी मोजल्या जाणाऱ्या दहा रात्री.

माझं म्हणणं एवढंच: वर्षातून एकदा जरी चांगल्या हॉटेलात पैसे देऊन राहत असाल, तर बाकी काही न करता कार्ड फी वसूल करतं. खर्च करायची गरज नाही, खर्चाचे टप्पे गाठायची नाही. नाशिकचं कोर्टयार्ड, गोव्यात अंजुणा किंवा बाणावलीचं फेअरफील्ड, वाशीचं फोर पॉइंट्स, अशा ठिकाणी बिगरहंगामी, आठवड्याच्या मधल्या दिवशी १५,००० पॉइंटांच्या आत रात्र मिळणं अवघड नसतं.

आणि कर धरायला विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते, ७,६०० ची थेट ८,९६८ ला. पॉइंटांवरच्या रात्रीला खोलीचं भाडंही नाही आणि त्यावरचा करही नाही.

पै_पै
सगळं बरोबर, पण मूळ वाक्यातच गोम आहे: ‘पैसे देऊन राहत असाल तर’. इथले निम्मे लोक राहत नाहीत. महाबळेश्वरला जाणारं कुटुंब साडेतीन-चार हजारांच्या हॉटेलात उतरतं, गणपतीपुळ्याला गेलं तर एमटीडीसीत. त्यांच्यासाठी ८,९६८ रुपये वाचले हा हिशेब खोटा. वाचले ते चार हजार, कारण एरवी त्यांनी तेवढेच दिले असते. त्यातून ३,५४० गेले. उरले ४६० रुपये आणि एका हॉटेलसाखळीशी बांधिलकी.

शिवाय रात्र ‘फुकट’ असली तरी सकाळ नसते. सिल्व्हर दर्जात नाश्ता येत नाही. माणशी साडेअकराशे धरले तर दोघांचे २,३०० आणि १८ टक्क्यांनी २,७१४. ज्या हॉटेलांत खोलीचे दर ७,५०० च्या वर जातात तिथे खाण्यावरही सहसा १८ टक्केच लागतो. मूल असेल तर वेगळा आकार, तिसऱ्या माणसाची जादा गादी असेल तर तीही रोख. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

खोली_४०२
नाश्ता हॉटेलातच करा असं कोणी सांगितलं? नाशकात उतरून मिसळ सोडून बुफेच्या रांगेत उभं राहणाऱ्याचा तोटा फक्त रुपयांत मोजू नये.

दौरेवाला
दोघेही पॉइंटांच्या किमतीबद्दल बोलत नाही आहात, तिथेच खरा गोंधळ होतो. कुठलाही आकडा मान्य करण्याआधी हे करा. बॉनव्हॉयच्या ॲपमध्ये तुमचं हॉटेल आणि तारीख टाका. एकदा रोख दर बघा: सदस्यांचा दर, नाश्त्याशिवायचा, रद्द करता येणारा. त्यात कर मिळवा. मग तीच तारीख ‘पॉइंट वापरा’ची खूण करून बघा. भागाकार करा. ८,००० ची खोली करासह ९,४४० ला आणि पॉइंट १४,००० असतील, तर पॉइंट ६७ पैशांना पडला. साधारण ६० ते ७० पैसे हा व्यवहारी भाव. त्याखाली आला तर रोख द्या आणि पॉइंट राखा.

नाश्त्यासकटचा दर धरून भागाकार करणं ही नेहमीची चूक. मग पॉइंट ऐंशी पैशांचा दिसतो आणि माणूस खूश होतो.

आता कमाईकडे या. सगळं १५० रुपयांच्या पटीत: मॅरियटच्या हॉटेलांत ८ पॉइंट, प्रवास, खाणं आणि मनोरंजन यांवर ४, बाकी खर्चावर २. पॉइंट ६५ पैशांचा धरला तर हे साडेतीन, पावणेदोन आणि जेमतेम पाऊण-एक टक्का. पटीखालची चिल्लर वाया: २९९ च्या बिलावर १५० चेच पॉइंट. म्हणजे किराणा, वीजबिल, कपडे यांसाठी हे कार्ड सरळ वाईट. दीड-दोन टक्के रोख परत देणारं कुठलंही साधं कार्ड इथे पुढे जातं. इंधन, भाडं, वॉलेट भरणं यांवर काही मिळतच नाही.

पै_पै
वा, मग माझंच म्हणणं झालं की.

दौरेवाला
अर्धंच झालं. वर्षात ६ लाख, ९ लाख आणि १५ लाख खर्चावर प्रत्येकी १५,००० पर्यंतची एकेक जादा रात्र आहे. ही उतरंड नीट बघा. पहिल्या ६ लाखांवर साध्या खर्चाचे ८,००० पॉइंट, म्हणजे ५,२०० रुपये, आणि एक रात्र. रात्र ९,००० ची धरली तर १४,२००. दोन टक्के रोख परतीचं कार्ड याच खर्चावर १२,००० देतं. फरक एवढुसाच, आणि तुमच्या दृष्टीने रात्र चार हजारांचीच असेल तर उलटा.

पण ६ ते ९ लाख हा तुकडा वेगळा आहे. तीनच लाखांत दुसरी रात्र: २,६०० चे पॉइंट अधिक ९,०००, म्हणजे तीन लाखांवर ११,६००, पावणेचार टक्क्यांच्या वर. पुढच्या रात्रीसाठी पुन्हा सहा लाख, तिथे गाडी अडीच टक्क्यांच्या खाली येते. म्हणून हे कार्ड वापरायचंच तर ९ लाखांवर थांबा, नाहीतर कपाटात ठेवा. साडेसात लाखांवर वर्ष संपवणाऱ्याने वाईट सौदा केला, कारण मधल्या दीड लाखांवर त्याला पाऊण-एक टक्काच पडला.

आणि हे वर्ष कार्डाचं, एप्रिल ते मार्च नव्हे. कार्ड ज्या महिन्यात मिळालं तिथून मोजायचं.

बोरीबंदर
कपाटात ठेवायचा सल्ला अर्धवट आहे. वर्षभर वापर नसलेलं कार्ड बँक नोटीस देऊन बंद करू शकते, रिझर्व्ह बँकेच्या नियमातच तसं आहे. दोन-तीन महिन्यांतून एखादं बिल त्यावर फाडा.

रोजच्या वापराची मोठी अडचण तर कोणी लिहिलीच नाही. हे डायनर्सचं (व्हिसा-मास्टरकार्डसारख्या, पण कमी ठिकाणी चालणाऱ्या नेटवर्कचं) कार्ड आहे. लहान दुकानांत, गावाकडच्या पंपांवर, काही दवाखान्यांत मशीन ते घेत नाही. यूपीआयला फक्त रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं, म्हणजे भाजीवाल्यापासून केमिस्टपर्यंत जिथे क्यूआर लावलाय तिथे हे कामाचं नाही. ९ लाखांचं गणित कागदावर छान आहे. त्यातले निम्मे व्यवहार आज स्कॅनवर होतात.

दौरेवाला
हे मान्य. ९ लाख जमतात ते शाळेची फी, विमा, विमान तिकिटं असे मोठे व्यवहार ऑनलाइन करणाऱ्यांना. मात्र असा मोठा हप्ता फाडण्याआधी तो प्रकार टप्प्यात मोजला जातो का, ते अटींमध्ये बघा. बँका वगळलेल्या प्रकारांची यादी दर काही महिन्यांनी लांबवतात.

समुद्रापार
परदेशी प्रवासाबद्दल: बहुतेकांना वाटतं, बँकॉक किंवा दुबईच्या मॅरियटात हेच कार्ड वापरावं, १५० ला ८ पॉइंट मिळतात. करून बघा हिशेब. परकीय चलनावर ३.५ टक्के आकार, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४.१३ टक्के. एक लाखाच्या बिलावर ४,१३० रुपये गेले. पॉइंट मिळाले ५,३२८, ६५ पैशांनी ३,४६३ रुपये. म्हणजे मॅरियटचं कार्ड मॅरियटमध्येच वापरून साडेसहाशे-सातशे रुपयांचा तोटा! तिथे परकीय चलनाचा आकार नसलेलं किंवा २ टक्केवालं कार्ड द्या. बॉनव्हॉयचा सदस्य क्रमांक बुकिंगला लावलेला असेल तर मुक्कामाचे मूळ पॉइंट कार्ड कुठलंही असो, मिळतातच.

मोफत रात्र मात्र परदेशात वापरायला हरकत नाही. पण तिथला स्थानिक कर किंवा रिसॉर्टचा आकार काही ठिकाणी रोख मागतात, तो बुकिंगच्या शेवटच्या पानावर छोट्या अक्षरात असतो.

खोली_४०२
रात्र वापरताना जिथे हात पोळतात ते लिहितो, कारण नव्वद टक्के तक्रारी तिथल्याच.

मोफत रात्र ही पॉइंट नव्हे, ते एक प्रमाणपत्र आहे. ९,००० पॉइंटांच्या हॉटेलात लावलं तर उरलेले ६,००० परत येत नाहीत. उलट बाजूला, हॉटेल १५,००० च्या वर असेल तर स्वतःचे आणखी १५,००० पर्यंत पॉइंट घालता येतात, म्हणजे मर्यादा ३०,०००. १५,५०० चं हॉटेल दिसलं की लोक ‘जमत नाही’ म्हणून सोडतात. पाचशे पॉइंट घातले की काम झालं.

मुदत एक वर्ष, आणि त्या वर्षात मुक्काम संपला पाहिजे, नुसतं बुकिंग नव्हे. बुकिंग रद्द केलं तर प्रमाणपत्र परत येतं, पण मुदत तीच राहते. शेवटच्या आठवड्यासाठी बुकिंग करून ट्रेन चुकली, तर रात्र बुडाली.

पॉइंटांवर पाच रात्री घेतल्या तर चारचेच पॉइंट लागतात, ती सवलत प्रमाणपत्रांना लागू नाही. आणि प्रमाणपत्र दुसऱ्याच्या खात्यात देता येत नाही. पॉइंट देता येतात, वर्षाला एक लाखापर्यंत. नवरा-बायको दोघांकडे कार्ड असेल तर दोन रात्रींची दोन बुकिंगं लागोपाठच्या तारखांची करा आणि खोली बदलू नका म्हणून हॉटेलला आधी फोन करा.

पै_पै
आणि तारखा? ३१ डिसेंबरचा गोवा, लग्नसराईतलं नागपूर, दिवाळीतलं महाबळेश्वर. मार्च २०२२ मध्ये मॅरियटने पॉइंटांचा ठरावीक तक्ता काढून टाकला, तेव्हापासून मागणीप्रमाणे पॉइंट वर-खाली होतात. नोकरदाराला सुट्टी मिळते त्याच तारखांना १५,००० पॉइंटांची रात्र चाळीस हजार पॉइंटांची होते. मंगळवारी बाणावलीला जाऊ शकणारा माणूस एक तर निवृत्त असतो, नाहीतर त्याचं घर तिथेच असतं.

बोरीबंदर
किंवा घरून काम करणारा. पण मुद्दा बरोबर आहे. शाळकरी मुलं असलेल्यांनी आधी ॲपात आपल्या तीन नेमक्या तारखा टाकून बघाव्यात, मग अर्ज.

समुद्रापार
गोल्ड दर्जाबद्दल कोणी विचारण्याआधी: सिल्व्हरला १० रात्री लागतात, गोल्डला २५, प्लॅटिनमला ५०. कार्डाच्या १० धरून गोल्डला १५ उरतात. नाश्ता आणि हॉटेलातलं लाउंज प्लॅटिनमपासून. कंपनीच्या पैशाने महिन्याला चार रात्री हॉटेलात काढणाऱ्यालाच या दहा रात्री सोन्याच्या. बाकीच्यांना सिल्व्हर म्हणजे मुक्कामावर १० टक्के जादा पॉइंट, बस्स. मोफत रात्रीही दर्जासाठी मोजल्या जातात, हे मात्र लक्षात ठेवा.

पै_पै
एक शेवटचं, हॉटेलशी संबंध नसलेलं. पूर्ण बिल न भरता ‘किमान रक्कम’ भरली तर व्याज महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास किंवा वर, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ५०,००० दोन महिने थकले की साडेतीन हजार गेले, म्हणजे कार्डाची एका वर्षाची फी.

खोली_४०२
यावर वादच नाही. पटत नसेल त्याने दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या महिनाभर आधी बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला देणं लागते. बॉनव्हॉय खात्यात जमा झालेले पॉइंट तिथेच राहतात. २४ महिने काहीच हालचाल नसेल तरच जातात.

पै_पै
म्हणजे पहिलं वर्ष घ्या, रात्र वापरा, बंद करा. याला माझीही हरकत नाही.

खोली_४०२
दुसऱ्या वर्षी पुन्हा रात्र मिळतेच की हो.

पै_पै
मंगळवारची.