मदत हवी आहे: बाबांचं ‘आता काय, वय झालं’ कसं थांबवू?

नमस्कार मंडळी. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेत, वय ६८. शुगर-बीपी आटोक्यात, गुडघेही धड. तरी पांडवलेणी चढू म्हटलं, मोबाईलवरून बिल भरायला शिकवू म्हटलं, की एकच पालुपद: "आता काय, वय झालं." आई त्यांच्याच वयाची, ती एसटीच्या अर्ध्या तिकिटात मैत्रिणींबरोबर वणीला जाऊन येते!

येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांचा २००२ चा अभ्यास त्यांना सांगून पाहिला. स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने बघणारे सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले, असं त्यात आढळलं. बाबा म्हणाले, "म्हणजे साडेसातीच की." (विनोदबुद्धी शाबूत आहे, तेवढीच आशा.)

उपदेशाचे व्हिडिओ कृपया नकोत, ते त्यांना रोज येतातच. नाशिकरोड-जेलरोडकडे सकाळी जमणारा एखादा कट्टा माहीत आहे का, जिथे दुखण्यांखेरीजही गप्पा होतात? प्रेसमधली निवृत्त मंडळी असतील तर फारच छान. आणि तुमच्या घरी कुणाचं असं मन वळलं असेल, तर सुरुवात कशाने झाली? मुलीने सांगितलेलं ऐकतात, की बाहेरच्याच कुणीतरी सांगायला लागतं?