मदत हवी आहे: पोर्ट वरच्या बाजूला येणारं, ९० अंश फिरवलेल्या बोर्डाचं कॉम्प्युटर कॅबिनेट ठेवू की परत करू?

रेंडर_धायरी, गुरुवार रात्री ११:५०

मंडळी, घाईत लिहितोय. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून एक वेगळ्याच मांडणीचं कॅबिनेट आणलंय. आत मदरबोर्ड ९० अंशात फिरवून बसतो, त्यामुळे एचडीएमआय, यूएसबी, लॅन अशी सगळी पोर्ट मागे न येता वर येतात, जाळीच्या झाकणाखाली. तळाला मोठे फॅन, हवा खालून वर. पत्रा दणकट, वायरिंग छान लपतं, जड ग्राफिक्स कार्ड वरून लटकतं त्यामुळे वाकत नाही. मला मनापासून आवडलंय.

पण रेंडर (थ्रीडी दृश्याचं चित्र बनवणं) लावला की तापतंय. जुन्या कॅबिनेटमध्ये असं होत नव्हतं. दुकानदार रविवारपर्यंत परत घेतो म्हणालाय, नंतर नाही. अशी मांडणी वापरलेल्यांनी सांगा, ठेवू की परत करू? सोमवारपासून क्लायंटचं काम सुरू होतंय.

जुना_असेंबलर, शुक्रवार सकाळी ७:१०

"तापतंय" म्हणजे नक्की काय? सीपीयू, कार्ड, एनव्हीएमई (डिस्क), एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा)? किती अंश? जुन्यात किती होतं? कार्ड कुठलं, कूलर कुठला? मशीन टेबलावर आहे की खाली? खोलीत एसी आहे का? कॅबिनेटचं नावही लिहिलेलं नाही. एवढं कळल्याशिवाय कोणीही ठेवा किंवा परत करा म्हटलं तरी तो अंदाजच.

कोथरूड_मिनी, शुक्रवार सकाळी ८:३२

परत करा आणि सँडविच मांडणीचं छोटं कॅबिनेट घ्या. बोर्डच्या एका बाजूला प्रोसेसर, पाठीमागे कार्ड, मधे दोघांना जोडणारी रायझर केबल. कार्डाला थेट बाहेरची ताजी हवा मिळते. मी फ्रॅक्टलचं टेरा वापरतो, टेबलाच्या कोपऱ्यात मावतं. एवढी मोठी खोकी आता कशाला हवीत?

जुना_असेंबलर, शुक्रवार सकाळी ८:४५

त्यांच्याकडे कुठल्या आकाराचा बोर्ड आहे हे तरी विचारा. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिमीचा, तुमच्या डब्यात १७० बाय १७० चा मिनी-आयटीएक्स बसतो. म्हणजे बोर्ड नवा, एसएमपीएस एसएफएक्स आकाराचा नवा, कूलर बुटका नवा. आणि रायझरचं दुखणं वेगळंच. जेन ३ म्हणजे तिसऱ्या पिढीच्या रायझरवर चौथ्या पिढीचं कार्ड लावलं की कधी कधी स्क्रीन काळी पडते, मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन स्लॉट जेन ३ वर आणावा लागतो. एनझेडएक्सटीचं एच१ २०२१ मध्ये परत मागवलं गेलं ते रायझरच्या स्क्रूमुळे शॉर्ट होऊन आग लागण्याच्या धोक्यामुळेच.

कोथरूड_मिनी, शुक्रवार सकाळी ८:५८

एका मॉडेलवरून सगळ्या रायझरना नावं ठेवू नका. आता चांगल्या कॅबिनेटसोबत चौथ्या पिढीचाच रायझर येतो. माझा नीट चालतोय.

पावसाळी_वीज, शुक्रवार सकाळी ९:२०

यूपीएस कुठला आहे? मे-जूनमध्ये वळीव आला की सिंहगड रोडला दिवे दहा वेळा मिचमिचतात. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट ओढू शकतो, मोठं कार्ड रेंडरला लागलं की तेवढ्यातच तो मान टाकतो आणि फाइल जाते. निदान १५०० व्हीएचा बघा. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलत जा.

रेंडर_धायरी, शुक्रवार सकाळी ९:४१

यूपीएस व्यवस्थित आहे, तो प्रश्न नाही. बोर्ड एटीएक्स आहे, तो बदलणार नाही.

नाव मुद्दाम घेत नाही, दुकानदार ओळखीचा आहे आणि मला कंपनीवर ठपका ठेवायचा नाही. रायझन ९ ५९००एक्स, टॉवर कूलर, आरटीएक्स ३०८० तीन फॅनचं. ब्लेंडर सॉफ्टवेअरचं तेच दृश्य अर्धा तास चालवलं. सीपीयू जुन्यात ८१ जायचा, यात ७२. कार्ड जुन्यात ७६, यात ८३. म्हणून डोकं चालत नाहीये. एक सुधारलं, दुसरं बिघडलं. रेंडर कार्डावरच होतो.

निसर्गनियम, शुक्रवार सकाळी १०:०५

परत करू नका. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलोय. तुमचं कॅबिनेट निसर्गाच्या दिशेने चालतं, बाकीची कॅबिनेट हवा आडवी ढकलतात. ही धुराड्याची रचना आहे, तिच्याहून चांगली मांडणी असूच शकत नाही. कार्डाच्या चिपवरची पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारी) जुनी झाली असेल, ती बदला.

भोसरी_डक्टिंग, शुक्रवार सकाळी १०:४०

कारखान्यांच्या डक्टिंगमध्ये आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. धुराडं खरंच काम करतं, पण त्याला उंची लागते. अर्धा मीटर उंचीचा डबा, आतबाहेर १० अंशांचा फरक. हिशोब केला तर दाब येतो ०.२ पास्कलच्या जवळपास. साधा १२० मिमीचा फॅन १० पास्कलच्या पुढे दाब देतो. म्हणजे फॅन पन्नासपट भारी. फॅन चालू असताना गरम हवेची स्वतःची वर जाण्याची ओढ हिशोबातही धरू नका.

सीपीयू उतरलाय तो मोठे फॅन जवळ आल्यामुळे आणि मधे हार्ड डिस्कचा पिंजरा नसल्यामुळे. श्रेय फॅनला द्या.

निसर्गनियम, शुक्रवार सकाळी १०:५२

काका, मग सिल्व्हरस्टोनने फोर्ट्रेस एफटी०२ मध्ये तळाला १८० मिमीचे तीन फॅन टाकून हीच मांडणी का केली? लोक अजून ते कॅबिनेट जपून ठेवतात.

भोसरी_डक्टिंग, शुक्रवार सकाळी ११:१५

चांगलंच होतं ते. त्याचं कारण तुम्हीच सांगितलंत, १८० मिमीचे तीन फॅन. तेवढी हवा आडवी सोडली असती तरी थंडच राहिलं असतं.

जुना_असेंबलर, शुक्रवार सकाळी ११:३०

त्यात अजून एक आहे. त्या काळात ब्लोअरवाली कार्डं खूप असायची. एकच फॅन, हवा कार्डाच्या लांबीतून जाऊन पोर्टच्या पट्टीतून बाहेर. पोर्ट वर असले की ती गरम हवा सरळ वरून निघून जायची. आताच्या बहुतेक तीन फॅनच्या कार्डांत कूलरची धातूची पाती आडवी असतात, हवा बोर्डवर आणि काचेवर आदळते. मांडणी तीच राहिली, कार्डं बदलली.

मांडणी बदलायचे प्रयत्न मोठ्यांनीही केलेत. एटीएक्स १९९५ चं, इंटेलचंच. त्यांनीच पुढे हवेचा मार्ग सरळ करायला बीटीएक्स नावाची नवी मांडणी आणली आणि २००६ मध्ये सोडून दिली. बाकी सगळं जग जुन्या मापाने बनत असताना एकट्या डब्याने वेगळं वागणं अवघड जातं.

धायरीकर, खोलीचं तापमान आणि मशीनची जागा अजून सांगितली नाहीत.

बाणेर_लॅपटॉप, शुक्रवार दुपारी १:०२

एवढ्या भानगडीपेक्षा चांगला लॅपटॉप घेऊन टाका. क्लायंटकडे नेतासुद्धा येतो.

वाघोली_धूळ, शुक्रवार दुपारी २:१५

कोणी धुळीबद्दल बोलत नाहीये. आमच्याकडे चारी बाजूंनी बांधकामं. पोर्ट वर असले की न वापरलेल्या एचडीएमआय आणि यूएसबीत धूळ थेट पडते. रबरी बुचं लावा. आणि तळाचे फॅन फरशीवरची धूळ ओढतात. फिल्टर पुढून सरकून निघतो का, की अख्खं कॅबिनेट उचलावं लागतं? कॅबिनेट पसंत करताना मी हेच आधी बघतो. १५ किलोचं मशीन दर पंधरा दिवसांनी कोण उचलणार? शिवाय वरच्या जाळीतून पाल आत जाते, हे आमच्याकडे झालेलं आहे.

हॉटस्पॉट_बघा, शुक्रवार दुपारी ३:४८

८३ हा कोअरचा आकडा झाला. एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) जीपीयू हॉटस्पॉट, म्हणजे कार्डाच्या चिपवरचा सगळ्यात गरम बिंदू, बघा. जुन्या कॅबिनेटचा आकडा असेल तर तोही द्या. मला कोअर आणि हॉटस्पॉटमधलं अंतर हवंय.

कारण सांगते. कार्डाच्या कूलरमधल्या हीटपाइपमध्ये (उष्णता वाहणाऱ्या बंद नळीत) थोडं पाणी असतं. ते चिपपाशी उकळतं, वाफ थंड टोकाला जाते, तिथे पाणी होऊन आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत चिपपाशी येतं. चिप बहुधा पोर्टच्या टोकाजवळ असते. नेहमीच्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं असतं, पाण्याला चढ नाही. तुमच्या कॅबिनेटमध्ये पोर्ट वर, म्हणजे चिप वर आणि पाइपचं थंड टोक खाली. पाण्याला गुरुत्वाकर्षणाच्या उलट चढून यावं लागतं. चांगल्या अस्तराचे पाइप हे सहज करतात, काही करत नाहीत. पाणी कमी पोचलं की आधी हॉटस्पॉट उडतो, कोअर मागून चढतो.

हे पुस्तकी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या एएमडीच्या स्वतःच्या डिझाइनच्या काही कार्डांत व्हेपर चेंबरमध्ये (हीटपाइपसारख्याच चपट्या डबीत) पाणी कमी भरलं गेलं होतं. हॉटस्पॉट ११० ला टेकायचा आणि कार्ड कुठल्या बाजूने ठेवलंय त्यावर तापमान बदलायचं. एएमडीने जानेवारी २०२३ मध्ये ते मान्य केलं.

चाचणी सोपी आहे. मशीन बंद करा, कॅबिनेट पाठीवर आडवं करा, म्हणजे पोर्ट बाजूला येतील आणि कार्डाचे फॅन खाली. तेच दृश्य, तेवढाच वेळ, फॅनचे आरपीएम (वेग) एका आकड्यावर बांधून. अंतर घटलं तर दोष दिशेचा.

कोथरूड_मिनी, शुक्रवार दुपारी ४:०५

म्हणूनच म्हणत होतो, सँडविचमध्ये हा प्रश्न येत नाही.

हॉटस्पॉट_बघा, शुक्रवार दुपारी ४:१२

तिथेही कार्ड उभंच असतं. पोर्ट मागे येतात की वर-खाली, त्यावर अवलंबून. सरसकट म्हणता येणार नाही.

भोसरी_डक्टिंग, शुक्रवार संध्या. ५:३०

ताई, विचार पटला, पण चाचणीत एक भोक आहे. आडवं केलं की तळाचे फॅन जमिनीपासून सुटतात आणि मोकळी हवा ओढतात. तापमान त्यानेही उतरेल. मग पाइपमुळे उतरलं की हवेमुळे, कसं ओळखणार? आधी उभंच ठेवून खाली चार विटा घाला आणि मोजा. आडवं करून मोजायचं ते त्यानंतर.

हॉटस्पॉट_बघा, शुक्रवार संध्या. ५:४१

बरोबर. तिन्ही मोजा. खोलीचं तापमान दर वेळी लिहा, नाहीतर दुपारचा आणि रात्रीचा आकडा शेजारी ठेवून काही कळणार नाही.

निसर्गनियम, शुक्रवार संध्या. ६:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

रेंडर_धायरी, शनिवार दुपारी १२:३५

झालं सगळं. खोली तिन्ही वेळा ३३ अंश, एसी नाही. मशीन टेबलाखाली सतरंजीवर असतं. फॅन एका आरपीएमवर बांधले होते.

जुनं कॅबिनेट (आकडे जपून ठेवले होते, तेव्हाही खोली ३३): कोअर ७६, हॉटस्पॉट ९०.

नवं, उभं, सतरंजीवर: कोअर ८३, हॉटस्पॉट १०६. सीपीयू ७२.

नवं, उभं, विटांवर: कोअर ८०, हॉटस्पॉट १०२. सीपीयू ६९.

नवं, आडवं: कोअर ७५, हॉटस्पॉट ८८. सीपीयू ६९.

आडवं केल्यावर दहा मिनिटांतच हॉटस्पॉट खाली सरकताना दिसला. फॅनचा आवाज तोच.

भोसरी_डक्टिंग, शनिवार दुपारी १२:५०

स्वच्छ उत्तर आलं. विटांनी कोअर ३ आणि सीपीयू ३ उतरले, ते सतरंजीचं. पण हॉटस्पॉट आणि कोअरमधलं अंतर २३ होतं ते २२ वरच राहिलं. आडवं केल्यावर ते १३ झालं आणि सीपीयू मात्र हलला नाही. हवा दोन्ही वेळा तेवढीच मिळाली, म्हणजे नऊचा फरक कार्डाच्या पाइपचाच. ताईंचं बरोबर.

जुना_असेंबलर, शनिवार दुपारी १:०५

आणि पेस्टचाही दोष नाही. पेस्ट वाळली असती तर आडवं करूनही अंतर मोठंच राहिलं असतं. कार्ड उघडू नका.

८३ च्या आसपास ही कार्डं आपणहून क्लॉक (कामाचा वेग) उतरवतात, म्हणजे रेंडरचा वेळही वाढत असणार. एप्रिलमध्ये धायरीत दुपारी खोली ३६-३७ जाते, तेव्हा काय होईल ते बघा.

निसर्गनियम, शनिवार दुपारी १:३०

आकडे पटले. तरी मी म्हणेन, कार्ड बदलाल तेव्हा पुन्हा मोजा. प्रत्येक कार्डाचा कूलर वेगळा असतो, दुसरं कार्ड याच कॅबिनेटमध्ये थंड चालेल.

हॉटस्पॉट_बघा, शनिवार दुपारी १:४४

सहमत. मात्र आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटचा आकडा दिसतच नाही, तिथे ही चाचणी फक्त कोअरवर करावी लागेल. आणि कोणी एआयओ (सीपीयूचा पाण्यावर चालणारा कूलर) लावणार असेल तर अशा मांडणीत पंप सगळ्यात उंच जागी येत नाही ना तेवढं बघा, हवा पंपात अडकते.

बाणेर_लॅपटॉप, शनिवार दुपारी २:००

कायमचं आडवंच ठेवून वापरलं तर?

रेंडर_धायरी, शनिवार दुपारी २:२५

मागच्या बाजूला पाय नाहीत, काच एका बाजूने ताणली जाते, टेबलाखाली मावतही नाही. नको.

ठरवलं, उद्या परत करतोय. वाईट वाटतंय, कारण सीपीयू, वायरिंग, बांधणी यांत या कॅबिनेटची सर दुसऱ्याला नाही. पण माझी मिळकत कार्डावर चालते. पुढून जाळीचं नेहमीचं कॅबिनेट घेतोय. सगळ्यांचे मनापासून आभार, काका आणि ताई तुमचे विशेष.

कंपाइलिंग_चालू, शनिवार दुपारी ३:१०

थांबा, परत करण्याआधी दुकानाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझं काम पूर्ण सीपीयूवर, तासन्‌तास कोड कंपाइल होत असतो. कार्ड छोटंसं, फक्त दोन मॉनिटरपुरतं. सीपीयू ८१ चा ६९ होत असेल तर मला हेच हवंय. वर केबलला किती जागा सोडावी लागते? माझ्या टेबलाखाली फार उंची नाही.

रेंडर_धायरी, शनिवार दुपारी ३:२२

व्यनि केलाय. झाकणाच्या वर निदान एक वीत मोकळी ठेवा. डिस्प्लेपोर्टची जाड केबल एकदम वाकत नाही, झाकण वर उचललं जातं आणि गरम हवाही तिथूनच बाहेर पडते. उद्या अकरापर्यंत मी दुकानात असेन, आलात तर तिथेच चालू करून दाखवतो.

वाघोली_धूळ, शनिवार दुपारी ३:४०

आणि बुचं विसरू नका. यूएसबीची वेगळी, एचडीएमआयची वेगळी मिळतात.