ऑक्सिजनची आयनायझेशन एनर्जी नायट्रोजनपेक्षा कमी कशी काय?

अकरावी_सायन्स: आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे गेलं की आयनायझेशन एनर्जी (अणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) वाढते हे पाठ केलंय, पण तक्त्यात नायट्रोजनला १४०२ आणि ऑक्सिजनला १३१४ किलोज्यूल पर मोल दिलंय. क्लासमधे विचारलं तर "हाफ फिल्ड स्टेबल असतं, लिहून घ्या". अरे पण का असतं?

पाटीवाला: मार्कांपुरतं तेवढं पुरे. बेरिलियम-बोरॉनला पण सेमच, तिथे फुल फिल्ड.

जुना_एमएस्सी: सेम नाहीये ते. बेरिलियमचा इलेक्ट्रॉन २एस ऑर्बिटलमधून (ऑर्बिटल म्हणजे इलेक्ट्रॉनची जागा) काढायचा आणि बोरॉनचा २पी मधून, २पी एनर्जीने वर असतं म्हणून ८९९ वरून ८०१ वर येतं, बाकी काही नाही.

नायट्रोजनचं असंय की तीन पी ऑर्बिटल्समधे एकेक इलेक्ट्रॉन, तिघांचं स्पिन एकाच दिशेचं. ऑक्सिजनमधे चौथा आला की त्याला कुणाच्या तरी शेजारी जोडीनेच बसावं लागतं, रिपल्शन वाढतं, मग तो सुटतो पण लवकर. आणि नुसतं सुरुवातीला काय होतं ते बघू नकोस, काढल्यावर काय उरतं तेही बघ. २पी मधल्या सेम स्पिनच्या जोड्या मोज: नायट्रोजनमधे ३, एक इलेक्ट्रॉन गेला की १ उरते, म्हणजे दोन जोड्यांची एक्सचेंज एनर्जी (सेम स्पिनच्या जोडीमुळे मिळणारी स्थिरता) गेली. ऑक्सिजनमधे ३ होत्या, जोडीतला उलट्या स्पिनचा गेला तरी ३च! "हाफ फिल्ड" म्हणतात ते हेच, फक्त कोणी मोजून दाखवत नाही.

अकरावी_सायन्स: ओह, आत्ता कळलं 🙏 मग खाली फॉस्फरस-सल्फरला पण असंच?

जुना_एमएस्सी: हो पण जेमतेम, १०१२ आणि १०००. ३पी ऑर्बिटल मोठं, गर्दी कमी. अजून खाली अँटिमनी साधारण ८३४ आणि टेल्युरियम ८६९, म्हणजे अपवाद गायबच. आता तू सांग, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांची सेकंड आयनायझेशन एनर्जी उतरत्या क्रमाने?

पाटीवाला: फ्लोरिन पहिला, त्यात काय

अकरावी_सायन्स: नाही ना, एक इलेक्ट्रॉन आधीच गेलाय म्हणजे आता ऑक्सिजन २पी३ (२पी मधे तीन इलेक्ट्रॉन) आणि फ्लोरिन २पी४. ऑक्सिजन, फ्लोरिन, नायट्रोजन, कार्बन.

जुना_एमएस्सी: करेक्ट. ३३८८ आणि ३३७४, चौदाचा फरक पण परीक्षेत हमखास विचारतात.