चार्ल्स राजाने स्ट्रॅफर्डला वाचवलं का नाही?

वाचनवेडी: सध्या इंग्लंडच्या यादवी युद्धाबद्दल वाचतेय आणि थॉमस वेंटवर्थ म्हणजे अर्ल ऑफ स्ट्रॅफर्डपाशी गाडी अडलीये. १६२७ ला राजाला सक्तीचं कर्ज द्यायला नकार दिला म्हणून ह्याला अटक झाली, १६२८ ला पार्लमेंटमध्ये राजाच्या मनमानीविरुद्ध बोलला आणि त्याच वर्षी सरदारकी घेऊन राजाच्या गोटात! ज्या राजासाठी एवढं केलं त्यानेच १६४१ ला ह्याच्या मृत्यूच्या बिलाला मंजुरी दिली. असं का? आणि तो खरंच देशद्रोही होता का?

जुनीपानं: माझ्या मते नव्हता. खटला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चालला, आजारी असूनही हा स्वतःच स्वतःची बाजू मांडत होता. मुख्य आरोप एका वाक्यावर, की आयर्लंडमधली फौज आणून 'हे राज्य' ताळ्यावर आणता येईल असं तो राजाला म्हणाला. हे राज्य म्हणजे कुठलं, बंड केलेलं स्कॉटलंड की इंग्लंड? राजद्रोहाला दोन साक्षीदार लागायचे, इथे ठामपणे सांगणारा एकटा राजाचा मंत्री हेन्री व्हेन. आरोप टिकेना म्हटल्यावर पार्लमेंटमधल्या राजाच्या विरोधकांचा नेता जॉन पिम, त्याच्या लोकांनी खटला बाजूला ठेवून थेट कायदाच केला की ह्याला मारा. आता ह्याला न्याय कसं म्हणायचं सांगा.

मावळतीचा_वारा: राजाबद्दल सांगतो. तुझ्या जिवाला, अब्रूला, मालमत्तेला धक्का लागणार नाही असं त्याने लेखी दिलं होतं. पण राजवाड्याबाहेर जमाव जमला, राणी आणि मुलांच्या जिवाची भीती वाटायला लागली आणि त्यात स्ट्रॅफर्डनेच पत्र लिहून त्याला वचनातून मोकळं केलं. १० मे ला राजाने मान तुकवली, १२ मे ला टॉवर हिलवर शिरच्छेद. जाताना तिथेच कैदेत असलेल्या आर्चबिशप लॉडने आपल्या कोठडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून आशीर्वाद दिला आणि तिथेच बेशुद्ध पडला. हे वाचताना मला दरवेळी गलबलून येतं.

सडेतोड: एवढा पुळका नको. आयर्लंडमध्ये राजाचा प्रतिनिधी म्हणून कारभार बघताना ह्याने काय केलं तेही बघा. तिथल्या कॉनॉट प्रांतातल्या जमिनी राजाच्या घशात घालायला निघाला, गॉलवेच्या ज्युरीने नाही म्हटलं तर त्यांनाच दंड आणि तुरुंग. तिथल्याच सरकारातला अधिकारी लॉर्ड माउंटनॉरिस, त्याच्या नातेवाइकाकडून ह्याच्या सुजलेल्या पायावर स्टूल पडलं, त्यावर माउंटनॉरिस जेवताना काहीतरी खोचक बोलला तर त्याला लष्करी कोर्टातून मृत्युदंड! शिक्षा अमलात आणली नाही म्हणा, पण माणूस कळतो.

वाचनवेडी: स्टूलचं माहीत नव्हतं, आता तो आधीसारखा बिचारा नाही वाटत. तरी जुलमी असणं वेगळं आणि राजद्रोह वेगळा ना? कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात, त्या बिलाला कुणीच विरोध केला नाही का?

जुनीपानं: केला की. २०४ विरुद्ध ५९ मतं पडली. आणि त्या विरोध करणाऱ्यांची नावं वेस्टमिन्स्टरमध्ये चिकटवली, वर लिहिलं की हे देशाशी दगा करणारे.