पुन्हा पुन्हा दुखावणारा पाय : तुमचे अनुभव

घोटा मुरगळतो, सूज उतरते, आपण पळायला लागतो आणि तोच पाय पुन्हा दगा देतो. व्यायाम सोडायचा नाही आणि पायही सांभाळायचाय, अशांसाठी हा धागा. काय दुखावलं, कशाने बरं वाटलं, आता काय काळजी घेता, सविस्तर लिहा. औषधांची नावं मात्र नकोत, ती ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावीत.

*

बॅडमिंटन खेळताना माझा उजवा घोटा सारखा आत मुरगळायचा. बाहेरच्या बाजूला सूज, काळंनिळं, मग लंगडणं. एक्स-रेमध्ये हाड शाबूत. फिजिओथेरपिस्टनी एकेका पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितलं. डाव्यावर मी आरामात उभी होते. उजव्यावर डोळे मिटताच घोटा थरथरू लागला आणि भिंत धरावी लागली. दुखत तर काहीच नव्हतं! पाऊल किती कललंय याची खबर घोट्याचे अस्थिबंधही (हाडं एकमेकांना जोडणारे पट्टे) मेंदूला देत असतात. ते ताणले गेले की ही खबर नीट पोचत नाही, स्नायू उशिरा सावरतात आणि पाय पुन्हा वाकडा पडतो. हे मला कुणीतरी पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं असं फार वाटतं. आता दात घासताना एका पायावर उभी राहते, रबरी पट्टा लावून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढते आणि खेळताना घोट्याला आधार देणारा ब्रेस घालते. बऱ्याच दिवसांत मुरगळलेला नाही.

*

माझी टाच. सकाळी पलंगावरून उतरल्यावरची पहिली पावलं म्हणजे खिळ्यावर पाय पडल्यासारखी. निदान प्लांटार फॅशिआयटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. नुसत्या विश्रांतीने दुखणं दबायचं, पळायला लागलो की परत यायचं. फरक पडला तो ताकदीच्या व्यायामाने: चवडा पायरीच्या कडेवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड. याला महिने लागतात, धीर सोडू नका.

*

अर्धमॅरेथॉनची तयारी चालू असताना पावलावर, दुसऱ्या बोटाच्या रेषेत, बोटाच्या टोकाने दाखवता येईल एवढ्याच जागी दुखायला लागलं. पळताना वाढायचं, बसलं की थांबायचं. एक्स-रे स्वच्छ, पण एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवार ताण पडून हाडाला गेलेली बारीक चीर) निघालं. सुरुवातीला ते एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. डॉक्टरांनी बुटांइतकीच चौकशी माझ्या जेवणाची आणि पाळीची केली. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी अनियमित होते आणि हाडंही कमजोर पडतात. मुलींनो, पाळी चुकतेय याला ‘पळण्यामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. परतताना आधी न दुखता भरभर चालणं, मग थोडं पळणं-थोडं चालणं. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवत नाही.

*

मला मधुमेह आहे, तळव्यांची संवेदना कमी झालीय. दुखण्यावर विसंबता येत नाही, म्हणून रोज रात्री आरशात तळवे बघतो आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवतो.

*

पाय मुरगळल्यावर एक्स-रे काढायचा की नाही, हे कसं ठरवायचं?

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. घोट्याच्या दोन्हींपैकी कोणत्याही उंचवट्याची मागची कड, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचं हाड, किंवा आतल्या बाजूला कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखलं, तरीही काढावा.

*

आणि दोरीच्या उड्या कधी सुरू करायच्या?

*

एका पायावर टाच उचलून बघा. दुखऱ्या पायाने दुसऱ्याइतक्याच वेळा, तितक्याच उंच आणि न दुखता जमलं, की दोन्ही पायांवर थोड्या उड्या मारा. दुसऱ्या दिवशी सूज नसेल तरच वाढवा.