पंधरा हजारांत फोन: आकडे पाहायचे की सर्व्हिस सेंटर?

कोरडवाहू (ता. दारव्हा)

दसऱ्याचे सेल लागले की आमच्या गावच्या ग्रुपवर कापसाच्या भावापेक्षा मोबाईलच्या भावाची चर्चा जास्त. माझ्या चुलतभावाला फोन घ्यायचा आहे, पंधरा हजारांच्या आसपास. पोट्ट्यांनी त्याला तीन मॉडेलं सुचवली. तिन्ही फक्त ऑनलाइन मिळणारी, आणि तिन्हींची शिफारस एकच: "एवढ्या पैशात एवढी रॅम कोणी देत नाही."

माझं म्हणणं वेगळं आहे. खेड्यात फोन घेताना पहिला प्रश्न रॅमचा नसतो, बिघडला तर कोणाच्या हातात द्यायचा याचा असतो. दारव्ह्याहून यवतमाळ चाळीसेक किलोमीटर. सर्व्हिस सेंटरवाला "पार्ट मागवावा लागेल, पुढच्या आठवड्यात या" म्हणाला की दुसरी चक्कर आली, दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली. आणि तोवर ओटीपी बंद. आता ओटीपीशिवाय शेती राहिली आहे का? ई-पीक पाहणी फोनवर. सीसीआयला (सरकारी कापूस खरेदी महामंडळाला) कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता आणि खेडा खरेदीवाला (गावात येऊन माल घेणारा व्यापारी) त्याहून बराच कमी देत होता. ऐन नोंदणीत फोन बंद पडला तर नुकसान क्विंटलवर मोजावं लागतं.

म्हणून मी किमतीला वर्षांनी भागतो. सॅमसंगनं २०२४ मध्ये ए१६ ५जी आणला तेव्हा सहा वर्षं अपडेट देऊ असं जाहीर केलं. आला तेव्हा १९ हजारांच्या घरात होता, म्हणजे बजेटच्या वर. तेवढ्या पैशात दुसरीकडे यापेक्षा तगडा प्रोसेसर मिळतो, हेही मान्य. पण तगडा प्रोसेसर घेऊन दोन-तीन वर्षांत अपडेट बंद झालेला फोन वापरायचा, आणि त्यावरच बँकेचं ॲप चालवायचं? बोला.

सेमिस्टर सहावं (बडनेरा)

दादा, बोलतो. तुम्ही नावाचे पैसे मोजून राहिले अन् त्याला हिशोब म्हणून राहिले.

सहा वर्षं अपडेट म्हणजे सहा वर्षं वेग नव्हे. प्रत्येक नवं अँड्रॉइड आधीच्यापेक्षा जडच येते. प्रोसेसर आजच बेताचा असेल तर चौथ्या वर्षी अपडेट येईल खरा, पण फोन उघडायला लागेपर्यंत तुमचा चहा होईल. मी तर म्हणतो की आज जास्त ताकदीचा घेतलेला फोनच जास्त वर्षं पुरते.

आणि आकडे सगळे खोटे नसतात, कोणते पाहायचे ते कळलं पाहिजे. "८ अधिक ८ जीबी" लिहिलेलं दिसलं की दुसरे ८ विसरून जा. ती रॅम नाही, साठवणुकीतलीच जागा उसनी घेतलेली असते, अन् ती खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी हळू चालते. पण साठवणूक ईएमएमसी (जुनी, हळू) आहे की यूएफएस (नवी, वेगवान), ही गोष्ट खरी आहे आणि ती जाहिरातीत शोधूनही सापडत नाही. स्वस्त मॉडेलात नामांकित ब्रँडही ईएमएमसी टाकतात. ॲप उघडायला जो वेळ लागते तो पुष्कळदा तिथूनच येते.

ब्रँडबद्दल म्हणाल तर रेडमी आणि पोको शाओमीचेच. रिअलमी २०१८ मध्ये ओप्पोच्या पोटातून निघाला. आयकू विवोचा. पाट्या वेगळ्या, घर एकच. तुम्ही कोणाशी निष्ठा ठेवता?

पाना-पेचकस (दिग्रस, मोबाईल रिपेअरिंग)

तुम्ही दोघंही एक दिवस माह्या काउंटरवर येऊन बसा, मंग वाद घाला.

वेचणी सुरू झाली की माह्याकडं रोज एकच तक्रार येते, "चार्जिंग होऊन नाही राहिलं." गिऱ्हाईकाले वाटते बॅटरी गेली, नाही तं चार्जिंग पट्टी गेली. मी भिंगाखाली धरतो अन् बारीक सुईनं जॅकमधून कापसाचे तंतू काढतो. दाबून दाबून गादीवाणी बसलेले राहतात, त्याच्यात मातीचा काळा थर. केबल आतपर्यंत जातच नाही तं चार्ज कुठून होईन? पाच मिनिटांचं काम. कमरेच्या ओटीत कापूस अन् त्याच ओटीत मोबाईल, मंग काय होईन दुसरं. हे साठ हजारांच्या फोनलेही होते अन् सहा हजारांच्याही.

आता मुद्द्याचं. पार्ट भेटते का नाही हे ब्रँडवर नाही, मॉडेलवर आहे. जो फोन तालुक्यात शंभर जणांच्या खिशात हाय त्याचा फोल्डर (डिस्प्ले अन् टच एकत्र) माह्या दराजात पडून राहते. जो पाच जणांनीच ऑनलाइन मागवला त्याचा मले नागपूरहून बोलवा लागते, मंग तो कितीही मोठ्या कंपनीचा असो. सॅमसंगचंही एखादं मॉडेल असं आडमुठं निघते. म्हणून फोन घ्यायच्या आंधी गावातल्या रिपेअरवाल्याले नुसतं इचारा, "याचा फोल्डर हाय का तुमच्याकडं, अन् केवढ्याले?" ॲमोलेडचा (भारीतला पडदा) असन तं ओरिजनल टाकताना तोंड वाकडं होते. कॉपी स्वस्त भेटते, पण उन्हात दिसत नाही अन् बोटाचा ठसा घेत नाही. सांगूनच लावतो मी, तरी लोक भांडाले येतात.

खारपाण (दर्यापूर)

उन्हाचा विषय निघालाच आहे तर घ्या. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही. ॲपल आपल्या आयफोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. म्हणजे आपल्याकडे मार्च ते जून हा फोन कंपनीच्या कागदानुसार वापरायचाच नाही! लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही, त्यात ब्रँडभेद नाही. टिनाच्या छताखाली खिडकीत चार्जिंगला लावलेला फोन कोणत्याही कंपनीचा असो, पाठ फुगणारच.

म्हणून कोरडवाहू भाऊंचं सहा वर्षांचं गणित मला पटत नाही. सॉफ्टवेअर सहा वर्षं येईल, बॅटरी आपल्या हवेत तेवढी टिकेल का? मधे एकदा तरी बदलावी लागेल, तो खर्च भागाकारात धरलाय का?

पाहायचाच असेल तर एक आकडा पाहा, पडद्याच्या उजेडाचा. निट्स म्हणतात त्याला. ई-पीक पाहणीसाठी सोयाबीनच्या वावरात भर दुपारी उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, तोही गटाच्या हद्दीपासून पन्नास मीटरच्या आतच, आणि पडदा काळाकुट्ट. डोक्यावर दुपट्टा घेऊन, वाकून, अंदाजे बटण दाबावं लागतं. चारशे-साडेचारशे निट्सचा एलसीडी असला की हेच होतं.

पोषण आहार (ता. आर्णी)

मी अंगणवाडी सेविका आहे. तुमच्या चर्चेत एक गोष्ट कोणीच धरली नाही. फोन निवडणारा एक आणि वापरणारा दुसरा असला की काय होतं?

आम्हाला सरकारकडून फोन मिळाले होते. २ जीबी रॅम. पोषण ट्रॅकर ॲप आलं आणि त्या फोनचा जीव गेला. बालकाचं वजन भरायला बसलं की स्क्रीन गोठायची, फोन तापायचा, भरलेली माहिती गायब. दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी. शेवटी २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी फोन परत केले, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. खरेदी करणाऱ्यानं स्वस्तात काम भागवलं असेल, पण ते भागलं कोणाच्या वेळेवर? गरोदर बाई समोर बसलेली आणि मी फोन बंद करून पुन्हा चालू करतेय.

त्यामुळे मी बडनेऱ्याच्या भावाच्या बाजूनं. सर्व्हिस सेंटर लागतं फोन बिघडला तर. मंद फोन न बिघडताच रोज त्रास देतो.

जंगलकाठ (गडचिरोली)

आमच्याकडे आधी टॉवर द्या, मग ब्रँड विचारा.

ते राहू द्या, एक कामाची गोष्ट सांगतो. "५जी" लिहिलं म्हणजे सगळ्या कंपन्यांचं ५जी चालते असं नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात रेडमी ए४ ५जी आला, किंमत साडेआठ हजारांपासून. पैशाच्या मानानं चांगला. पण त्यात फक्त एसए प्रकारचं (४जीच्या आधाराशिवाय चालणारं) ५जी होतं. जिओचं ५जी एसएवर चालते, तिथं जमलं. एअरटेलनं तेव्हा एनएसए (४जीच्या आधारावर चालणारं) उभारलेलं, त्यामुळे एअरटेलवाल्याला तो फोन ४जीचाच. खोक्यावर ५जी, खिशात ४जी. आपल्या वावरात कोणत्या कंपनीची रेंज येते ते आधी पाहा, मग फोन त्या हिशोबानं घ्या.

कोरडवाहू (ता. दारव्हा)

खारपाण भाऊ, बॅटरीचा खर्च धरतो. धरूनही माझा भागाकार बिघडत नाही, कारण बॅटरी बदलणं पडदा बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. अट एवढीच की बॅटरी मिळाली पाहिजे, आणि माझं भांडण तिथंच आहे. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागला: विकायचं बंद केल्यावरही कंपनीनं सात वर्षं सुटे भाग द्यायचे, पाच वर्षं अपडेट द्यायचे, आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के दम राहिला पाहिजे. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात केंद्रानं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. त्यावर कंपन्यांची माहिती आहे, पण कंपनीला बांधणारा तसा नियम नाही. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती छापणं बंधनकारक आहे, पंधरा हजारांच्या फोनवर तो किती वर्षं जगेल हे नाही. मग जी कंपनी वर्षांचा आकडा आपणहून लिहून देते तिला मी दोन पैसे जास्त देतो. त्याला नावाचे पैसे म्हणू नका.

ताई, तुमचं म्हणणं खरं आहे. २ जीबीचा फोन घ्या असं मी कोणाला सांगणार नाही. एका मर्यादेखाली वेग गेला की बाकी सगळा हिशोब वाया. मी त्या मर्यादेच्या वरच्या फोनांबद्दल बोलतोय.

पाना-पेचकस भाऊ, तुमचा फोल्डरचा प्रश्न चुलतभावाला आजच पाठवतो.

हप्तेवाला (पुसद)

एवढा विचार कोण करते राजेहो? मी जुना आयफोन घेतला, हप्त्यावर. पाच वर्षं जुना हाय, मख्खन चालते. विकला तरी पैसे येतात. तुमचा तीन वर्षं जुना अँड्रॉइड कोणी फुकट घेईन का?

सेमिस्टर सहावं (बडनेरा)

हप्तेवाले भाऊ, विकताना किंमत येते हे शंभर टक्के खरं, आणि तो मुद्दा या धाग्यात धरायलाच पाहिजे होता. पण हप्ता "झिरो परसेंट"वाला होता का? शून्य टक्के व्याज असं काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं. प्रोसेसिंग फी पाहा, अन् रोखीत केवढ्याला पडला असता ते पाहा. मग सांगा मख्खन.

हप्तेवाला (पुसद)

फी होती थोडीशी.

पाना-पेचकस (दिग्रस, मोबाईल रिपेअरिंग)

थोडीशी! अन् बॅटरी हेल्थ केवढी दाखवते ते नाही सांगितलं भाऊनं.

हप्त्यावरून आठवलं. सेल लागते दसऱ्याले अन् कापसाचा पैसा हातात येते दिवाळीनंतर. सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची पूजा) झालं, पहिला वेचा निघाला, की पोट्टे मागं लागतात. त्या वक्ताले हातात नगद नाही, म्हणून हप्ता. जानेवारीत तोच फोन बाजारात चार पैसे स्वस्त भेटते, नगदीत अन् समोर उघडून पाहून. सेलवाल्यांचं कॅलेंडर वेगळं, कास्तकाराचं वेगळं. हे मी धंदा करून सांगून राहिलो, माह्या दुकानात नवे मोबाईल नाही इकत.

खारपाण (दर्यापूर)

जानेवारीत स्वस्त होतोच असं नाही, काही मॉडेलं तोवर संपून जातात. पण नगदीत घेण्याचं पटलं.

सेमिस्टर सहावं (बडनेरा)

कोरडवाहू दादा, दोन पैसे जास्त देतो म्हणता, पण "अपडेट देऊ" अन् "पार्ट देऊ" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा वर्षांचं वचन सॉफ्टवेअरचं आहे. पाचव्या वर्षी दिग्रसला त्या मॉडेलचा फोल्डर भेटेल असं कोणी लिहून दिलं नाही. तुमचं अर्धं गणित कंपनीच्या शब्दावर उभं आहे, अन् माझं आज हातात असलेल्या चिपवर. चुलतभावाला ग्रुपवर मॉडेलचं नाव टाकायला सांगा. यूएफएस आहे का ते मी पाहतो, रिपेअरवाले काका फोल्डर पाहतील, एअरटेल-जिओचं जंगलकाठ भाऊ सांगतील.

कोरडवाहू (ता. दारव्हा)

टाकतो. सिम जिओचं आहे. वावरात मात्र फक्त बांधावरच्या बाभळीखाली रेंज येते, त्याचं काय करायचं तेही सांगा.